संत्री आणि कच्च्या भाज्यांची कोशिंबीर कडू किंवा पाणचट होऊ नये म्हणून काय करावे?

कडूपणा बहुतेक वेळा संत्र्याच्या पाकळीवरील पांढऱ्या आवरणातून आणि बियांतून येतो, म्हणून पाकळ्या नुसत्या सुट्या करून भागत नाही; प्रत्येकीची पातळ साल सोलून, बिया काढून आतला गर शक्यतो अखंड ठेवावा. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे हे काम सोपे जाते, मोसंबीला मात्र सुरी लागते.

चार जणांसाठी दोन संत्री, एक काकडी, एक गाजर आणि अर्धा कांदा पुरे होतो. काकडी चाखून पाहावी, चोचवून तिला चिमूटभर मीठ लावावे आणि दहा मिनिटांनी सुटलेले पाणी पिळून काढावे (ते कणीक भिजवायला वापरता येते). गाजर जाडसर किसावे. संत्र्याचा गर अगदी वाढायच्या वेळी घालावा, कारण मीठ लागताच त्यालाही रस सुटू लागतो. वरून लिंबाचा रस, मिरपूड आणि कोथिंबीर घालावी. साखर फळ आंबट असेल तरच. दाण्याचे कूट रस शोषून घेते हे खरे, परंतु त्याने संत्र्याचा स्वाद झाकला जातो, त्यामुळे मी भाजलेले तीळच सुचवेन.