ध्रुवीय अस्वल राहू दे, मांजरा धरणाचं बोल

प्रश्न: बाई, नमस्कार. मी औसा तालुक्यातली. बी.एस्सी. झालंय, घरी शेती आहे. मोबाईलवर इंग्रजी बोलण्याचा ऑनलाइन क्लास लावलाय. गटात ब्राझील, व्हिएतनाम, तुर्कस्तानची मुलं आहेत. सध्या 'पर्यावरण आणि शाश्वत जगणं' हा विषय चालू आहे. सगळे प्लास्टिकची नळी, ध्रुवीय अस्वल, झाडं लावा यावरच बोलतात. मीही पाठ करून बोलते आणि दोन मिनिटांत अडते. यानं इंग्रजी तरी येईल का? आणि पर्यावरणाचं काही होईल का?
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर: तुला 'तू'च म्हणते. जन्मभर वर्गात तेच केलं, आता अहो-जाहो जमत नाही.

अस्वल तू पाहिलेलं नाहीस, म्हणून दोन मिनिटांत अडतेस. त्याच्याबद्दल कुणी उलटा प्रश्न विचारला तर तुझ्याकडे सांगायला आहेच काय? पण २०१६ चा उन्हाळा तू पाहिला आहेस, शाळेत असशील तेव्हा. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. हे क्लासात सांग. घागरी रांगेत कशा लागायच्या, टँकर कधी यायचा, तेही सांग. व्याकरण चुकेल, चुकू दे. ऐकणारा मध्येच तोडून 'मग काय झालं?' विचारेल आणि तुला बोलावंच लागेल.

ब्राझीलची मुलं एक प्रश्न हमखास विचारणार, कारण ऊस त्यांच्याकडेही उदंड: पाणी नव्हतं तर ऊस कशाला लावला? इथे पाठांतर कामाचं नाही. मराठवाड्यात पावसाळाभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उसाला लागतं दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी, हा हिशेब सांगावा लागेल. मग हेही सांगावं लागेल की उसाला केंद्र सरकारनं ठरवलेला दर असतो, कारखाना तोडून नेतो. सोयाबीन मात्र काढणीला आलं की बाजार पडतो. हमीभाव आहे, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल तर ना! शेतकऱ्याला नुसता दोष देऊन भागत नाही आणि त्याला सोडूनही देता येत नाही, हे इंग्रजीत मांडताना 'जरी', 'तरी', 'त्यामुळे' या सगळ्यांची तुला खरोखर गरज पडेल. वर्कशीटमधल्या गाळलेल्या जागा भरून ती पडत नाही.

वाचायला काय घ्यावं? तुमच्या भागात 'पोकरा' माहीत नाही असा शेतकरी विरळा. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ ला सुरू झालेला हा हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा प्रकल्प. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आहेत. त्याची इंग्रजी कागदपत्रं बँकेच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडून वाचता येतात. भाषा रुक्ष आहे, रोज एकच पान घे. वाचलेलं वडिलांना मराठीत सांग. मग त्यांना विचार, सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून, पेरलं का, पाऊस तुंबला तेव्हा सरीतून पाणी निघालं का, पावसानं ताण दिला तेव्हा वरंब्यावरचं पीक टिकलं का. त्यांचं उत्तर पुढच्या तासाला इंग्रजीत. कागदावर एक आणि बांधावर दुसरंच असं दिसलं, तर तो तुझा सर्वांत चांगला तास होईल.

लिहायचा सराव हवा असेल तर गावच्या पाझर तलावावर जा. 'ई-बर्ड' किंवा 'आयनॅचरलिस्ट' मोबाईलवर घे, दोन्ही फुकट आहेत. पहिल्यात पंधरा मिनिटांत दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकायची, दुसऱ्यात झाड, किडा, पक्षी काहीही असो, त्याचा फोटो. कुठला तरी अनोळखी माणूस तू दिलेलं नाव चुकीचं ठरवतो, की लगेच इंग्रजीत विचार, कशावरून? फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात, त्यात आपल्या तालुक्यांतून फारसं कुणी दिसत नाही, असं मला वाटतं. तुझी नोंद मात्र राहील, अभ्यासकांच्या उपयोगी पडेल. पर्यावरणाचं काही होईल का, या प्रश्नाला एवढंच सांगू शकते.

आणि 'पाणी हेच जीवन' छापाचा निबंध कुणाला वाचून दाखवू नकोस. मी असे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत.

प्रश्न: मुलाच्या ऑनलाइन इंग्रजी क्लाससाठी नवा टॅब घ्या म्हणतात. पर्यावरणाच्या दृष्टीनं काय बरं?
– एक पालक, परभणी

उत्तर: घरात जुना फोन चालू असेल तर तोच. फोनच्या सगळ्या आयुष्यात जो कार्बन हवेत जातो, त्यातला बहुतेक तो बनवतानाच गेलेला असतो. बॅटरी बदलून घ्या, इयरफोन मात्र बरा घ्या. कॅमेरा बंद ठेवला की डेटाही वाचतो, पण मास्तर हजेरी घेताना तो सुरू असू द्या.