टायमरचा खटका

प्रश्न : हातात मावेल असा छोटा टायमर बनवतो आहे. एक नॉब, एक बटण, थ्री-डी प्रिंट केलेलं कवच. चालतो छान, पण बटण दाबलं की पोकळ आवाज येतो. आत छोटा स्पीकर बसवून ‘टक’ वाजवू का?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : स्पीकर नको. बोटाला खटका लागतो त्याच क्षणी, त्याच जागेवरून आवाज यायला हवा. जरा मागे पडला तरी तो उसना वाटतो.

दोष बहुतेक बटणात नाही, कवचात आहे. टॅक्ट स्विच म्हणजे सर्किट बोर्डावरचं छोटं दाबबटण; त्याच्या पोटात पातळ धातूचा घुमट असतो. दाब वाढत जातो, मग घुमट एकदम आत बसतो आणि बोटावरचा जोर झटकन उतरतो. घुमट बसतानाचा हा आवाज मुळात बारीक. तो मोठा होतो बोर्डातून आणि कवचाच्या भिंतींतून; भिंती पातळ आणि आत पोकळी असेल तर रिकाम्या डब्यासारखा घुमतो. बोर्ड चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळा, बटणाच्या बरोब्बर खाली आधार द्या, भिंत जाड करा, पोकळीत फोम भरा. मात्र एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

नॉबबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा जीव तिथेच अडकतो. माझी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये झाली. मायक्रोमीटर म्हणजे बारीक मापं घेण्याचं उपकरण; त्याच्या टोकाची फिरकी, म्हणजे रॅचेट, ठरलेला दाब आला की घसरते, ‘कट कट’ वाजते, आणि न बघता कळतं की आता माप घ्यावं. हातातल्या वस्तूचा याहून सुंदर आवाज मी ऐकलेला नाही, कारण तो काहीतरी सांगतो. तुमच्या नॉबचा एक खटका म्हणजे एक मिनिट ठेवा. अंधारातही वेळ लावता येईल.

पुण्याच्या तापकीर गल्लीत तयार रोटरी एन्कोडर, म्हणजे नॉब किती फिरला ते मोजणारे भाग, मिळतील. विकत घेण्याआधी चार-पाच फिरवून बघाच. स्वतः करायचा असेल तर बोहरी आळीतून छर्रा आणि स्प्रिंग आणा, लहान पितळी चकतीवर खाचा पाडून घ्या; स्प्रिंगने दाबलेला छर्रा खाचेत पडतो, तोच खटका. खोल, ‘व्ही’ आकाराची खाच टोकदार खटका देते. उथळ, गोलसर खाच मऊ. स्प्रिंग कडक केली तर आवाज वाढतो, पण बोट दुखतं. थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्या पीएलए प्लास्टिकच्या खाचा लवकर झिजतात, म्हणून पितळच बरं. घट्ट ग्रीसचा अगदी थेंबभर लेप दिलात तर करकर जाते. जास्त झालं तर खटकाच बुजतो.

आणि बॅटरीखाली फोमची पट्टी द्या. बॅटरी आत हलत असली तर सगळी मेहनत खुळखुळण्यात जाईल.