हवाईत किलावेया ज्वालामुखीजवळच्या व्होल्कॅनो गावात किती मुक्काम ठेवावा? आईला दमा आहे, आम्ही लातूरहून जाणार.

किमान 3 रात्री ठेवा, पण लाव्हा दिसेलच असं धरून तिकिटं काढू नका. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेला उद्रेक सलग नव्हता: काही तास लाव्हाचे कारंजे, मग कित्येक दिवस शांतता. तिथली सरकारी ज्वालामुखी वेधशाळा रोजचा अहवाल देते, निघण्याआधी तो वाचाच. राष्ट्रीय उद्यान रात्रीही उघडं असतं, आणि लाव्हाची लाली अंधारातच खुलते. लाव्हा नसला तरी विवराच्या काठावर उभं राहाच. ज्या बसाल्टात आपलं वेरूळ कोरलंय, त्याच जातीचा खडक तिथे आजही नव्याने तयार होतोय! गाव साधारण 1,200 मीटर उंचीवर, वृक्षनेच्यांच्या (झाडाएवढ्या वाढणाऱ्या फर्नच्या) जंगलात आहे. पाऊस आपल्या मराठवाड्याच्या तिप्पट, रात्री गारठा. हवाई म्हणजे समुद्रकिनारा समजून नुसते सुती कपडे नेऊ नका. स्वेटर आणि रेनकोट हवेतच.

आईंचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, दमेकऱ्यांना त्याचा थेट त्रास होतो आणि साधा मास्क तो अडवत नाही. वारा गावाकडे वळला तर त्यांना घेऊन सरळ किनाऱ्यावरच्या हिलो शहरात उतरा, गाडीने पाऊण तास.