टॅपेटचा आवाज गेला, पण गरम झाल्यावर बुलेट सुरू होईना

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८९ सालची, बिडाच्या सिलिंडरची बुलेट ३५० आहे. मागील महिन्यात इंजिनातून टिकटिक ऐकू येऊ लागली, म्हणून एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी गाडी गरम असतानाच आवाज पूर्ण जाईपर्यंत टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला, फट जुळवता येणारा भाग) आवळले. आता गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बंद केली की लवकर सुरू होत नाही, सिग्नलला बंद पडते आणि किकही हलकी लागते. कार्ब्युरेटर बदलावा असा सल्ला मिळाला आहे. टॅपेट घरी बसवता येतील का आणि फट मोजण्यासाठी किती मिलिमीटरचे गेज घ्यावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : कार्ब्युरेटरवर खर्च करण्याची घाई करू नये. किक हलकी लागते, याचा अर्थ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कुठून तरी निसटत आहे, आणि हा त्रास टॅपेट आवळल्यानंतरच सुरू झाला असल्याने पहिला संशय तेथेच घ्यायला हवा. पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे पोहोचवणारा दांडा) सतत ताणाखाली राहिला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा तापून लांबल्यावर त्याला सरकायला जागाच उरत नाही. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही, त्या बारीक फटीतून जळते वायू निसटतात आणि हळूहळू व्हॉल्व्हची कड जळू लागते. सैल टॅपेट निदान वाजून सांगतो. घट्ट टॅपेट मात्र गुपचूप नुकसान करतो. म्हणूनच जुन्या बुलेटच्या शांत इंजिनाचे आम्हांला फारसे कौतुक वाटत नाही.

गेज घेण्याची गरज नाही. या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्हची फट थंड अवस्थेत शून्य ठेवायची असते. मात्र शून्य म्हणजे ताण नव्हे. पुशरॉड दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवला असता सहज फिरावा, पण वर-खाली हलवून पाहिल्यास मुळीच खेळ जाणवू नये. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, कारण गरम इंजिनात सिलिंडर, पुशरॉड आणि व्हॉल्व्ह वेगवेगळ्या प्रमाणात वाढलेले असतात आणि त्या वेळी बोटांना जाणवणारी फट खरी नसते.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन स्पार्क प्लग काढावा, टॉप गिअर टाकावा आणि मागचे चाक हाताने पुढे फिरवावे. प्लगच्या भोकावर बोट ठेवले असता हवा जोराने बाहेर ढकलली जाऊ लागली, की पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर येत आहे असे समजावे आणि तो अगदी वर पोहोचताच थांबावे. येथे चूक होते ती अशी की, पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीतही वर येतो; पण त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, त्यामुळे तेथे केलेली जुळवणी पूर्णपणे चुकते.

उजव्या बाजूला, सिलिंडरच्या पायथ्याशी एकाच नटावर बसवलेले झाकण काढले की दोन्ही पुशरॉडची खालची टोके दिसतात. प्रत्येकाखाली तीन षटकोनी भाग असतात : खालचा टॅपेटचा, मधला चेकनट (जुळवणी पक्की धरून ठेवणारा नट) आणि वरचा अॅडजस्टर. खालचा भाग एका पातळ पान्याने धरून चेकनट सैल करावा, अॅडजस्टर अगदी थोडा-थोडा फिरवत पुशरॉड बोटांनी तपासत राहावा आणि मनासारखे झाले की चेकनट आवळावा. आवळताना जुळवणी हमखास थोडी सरकते, म्हणून त्यानंतर पुन्हा तपासणे आवश्यक आहे. दोन-तीन वेळा करावे लागले तर त्यात कमीपणा नाही. झाकण बसवताना नट जोर लावून आवळू नये. तेथून तेल गळण्याचे कारण बहुधा दबलेले गास्केट असते, ढिला नट नव्हे.

हे सर्व करण्यापूर्वी डीकॉम्प्रेसरच्या (किक मारणे सोपे व्हावे म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या यंत्रणेच्या) केबलला थोडी ढील आहे ना, हे पाहून घ्यावे. ती ताणलेली असली तरी कॉम्प्रेशन असेच निसटते, आणि तो दोष दोन मिनिटांत दूर होतो. टॅपेट नीट बसवूनही किक हलकीच लागली, तर मात्र हेड उतरवून व्हॉल्व्ह व सीट पाहून घ्यावे लागेल. दुरुस्तीनंतर थोडी टिकटिक ऐकू आली, तर ती राहू द्यावी.

प्रश्न : माझ्या २०१३ च्या क्लासिक ३५० चे टॅपेट याच पद्धतीने बसवावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. त्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तेलाच्या दाबाने ते फट स्वतःच भरून काढतात, त्यामुळे हाताने जुळवण्यासारखे तेथे काही नाही. सकाळी सुरू केल्यावर काही क्षण टकटक होऊन ती थांबत असेल, तर टॅपेटमध्ये तेल भरले जात आहे, इतकेच. आवाज थांबत नसेल, तर आधी तेलाची पातळी पाहावी.