तीन पात्यांच्या ब्रॉडहेडला धार लागत नाही म्हणणाऱ्या भावासाठी

भावा, आधी तुझा प्रश्न दोन ओळीत लिहितो म्हणजे मागनं वाचणाऱ्यांना पण कळेल. तू मूळचा इचलकरंजीचा, आता मिशिगनात नोकरीला, हातात ४५ पौंडाचा रिकर्व्ह (ओढायला तेवढा जोर लागणारं, टोकं बाहेर वळलेलं साधं धनुष्य), तीन पात्यांची एकसंध पोलादाची ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाची धारदार टोकं, घेतलीस, घरमालकाच्या गॅरेजमधल्या जुन्या ऑइलस्टोनवर दोन संध्याकाळी घासलीस तरी एक पातं बरं लागतंय, दुसरं नुसतं खरखरतंय आणि तिसऱ्याला काहीच नाही, आणि १ ऑक्टोबरला बो सीझन चालू होतोय. मी ग्रँड रॅपिड्सला एका टूलरूममध्ये ११ वर्षं होतो, २००६ ते २०१७, त्यातले नऊ सीझन रिकर्व्ह घेऊन व्हाइटटेल हरणाच्या मागं काढलेत, आणि आता इथं कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छोटं ग्राइंडिंगचं शॉप आहे, म्हणजे धार हाच माझा धंदा. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाच.

पहिली गोष्ट, तुला जमत नाही असं नाही. तुला विळी आणि सुरी पाजवायची सवय आहे आणि तीच पद्धत तू इथं लावतोयस, तिथं गडबड आहे. सुरीला एक धार आणि दोन बाजू, ही बाजू घास, ती बाजू घास, झालं. तीन पात्यांचं ब्रॉडहेड समोरनं बघ, तीन पाती १२० अंशावर उभी आहेत, आणि ते दगडावर आडवं ठेवलं की दोन पात्यांच्या धारा एकदम टेकतात. म्हणजे समभुज त्रिकोणाची एक बाजू दगडावर बसली असं समज. कोन आपोआप ठरतो, प्रत्येक धारेला दोन्हीकडनं ३० आणि ३० मिळून ६० अंश, तुला हातानं कोन धरायचाच नाहीये, आणि खरं तर हीच या डिझाइनची मेहरबानी आहे. पण त्यातच मेख पण आहे. बाजू तीन, धारा तीन, आणि प्रत्येक धार शेजारच्या दोन बाजूंच्या मालकीची. तू एका बाजूला पन्नास वेळा घासलंस की त्या दोन्ही धारांवर जी बर येते, म्हणजे घासल्यावर कडेला उरणारा पोलादाचा पातळ काठ, ती सगळी पलीकडं वळते. मग दुसऱ्या बाजूला पन्नास घासलंस की एका धारेची बर परत अलीकडं येते, दुसरी तशीच राहते आणि तिसरीवर नवी तयार होते. असं फिरवत बसलं की बर इकडनं तिकडं नुसती डुलत राहते, तुटत नाही. बोटाला खरखर लागते म्हणून आपल्याला वाटतं धार आली, पण ती धार नसून पोलादाची पातळ झालर असते, पहिल्या बरगडीला लागली की दुमडली.

दुसरी गोष्ट तुझा दगड. जुना ऑइलस्टोन म्हटल्यावर मी न बघता सांगतो, मधे खोलगट झालाय. वर्षानुवर्षं लोक मधेच सुऱ्या घासतात. सुरीला त्याचं फार काही बिघडत नाही, पण ब्रॉडहेडला सपाट म्हणजे सपाटच दगड लागतो, कारण टोकापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत अख्खी धार एकदम टेकायला पाहिजे. स्टीलची पट्टी दगडावर उभी धर आणि उजेडाकडं बघ, खालनं उजेड दिसला तर तो दगड बाजूला ठेव किंवा जाड काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर टाकून, पाणी सोडून, दगड सपाट कर. अर्धा तास जाईल पण पुढचे चार तास वाचतील.

आता काम कसं करायचं ते. ब्रॉडहेड नुसतं चिमटीत धरू नकोस, बाणाच्या तुटक्या तुकड्याला लाव, एक वीतभर मूठ मिळाली की ताबा येतो आणि बोटं पण लांब राहतात. तिन्ही धारांना काळा मार्कर फास, पूर्ण, टोकापासून मागंपर्यंत. मग कानस घे, एकेरी दात्याची, आठ किंवा दहा इंची, तिकडं हार्डवेअरच्या दुकानात मिल बास्टर्ड म्हणून मिळते, आणि ती टेबलाला क्लॅम्प कर, मूठ लावायचं शेपूट तुझ्याकडं आणि टोक लांब. ब्रॉडहेड कानशीच्या लांबच्या टोकाला सपाट बसवायचं, अणी पुढं, आणि आपल्याकडं ओढायचं. कानशीचे दाते एकाच दिशेला कापतात आणि अशी लावली की ओढताना कापतात. परत नेताना उचलून न्यायचं, घासत न्यायचं नाही, नाहीतर कानस पण जाते आणि धार पण. दोन चार वेळा ओढून मार्कर बघ. काळा रंग कुठं गेला आणि कुठं राहिला हे तुला खरं सांगेल. बऱ्याच नव्या ब्रॉडहेडमध्ये कंपनीचं ग्राइंडिंग थोडं कमीजास्त असतं, टोकाकडचा किंवा मागचा भाग आधी लागतो. रंग अख्ख्या लांबीतनं निघून धारेच्या कडेला एकसारखी चमकती पट्टी दिसेपर्यंत कानस सोडायची नाही. लोक इथंच घाई करतात आणि मग पुढच्या बारीक दगडावर तासन् तास घालवतात.

कानस नुसती घसरत असेल, कीसच निघत नसेल, तर पोलाद कडक आहे समज, जोर लावू नकोस, सरळ डायमंड प्लेटवर जा. आणि बेंच ग्राइंडरचा मोह अजिबात नको. एवढी पातळ कडा दोन सेकंदात निळी होते, पोलादाचं पाणी उतरतं, आणि एकदा पाणी उतरलं की ती धार कितीही लावलीस तरी टिकत नाही. माझ्या शॉपमध्ये ऊसतोडीचे कोयते घेऊन येणाऱ्यांना पण मी हेच सांगतो, कुणीतरी मशीनवर निळा करून दिलेला कोयता आणतात आणि म्हणतात सकाळी लावलेली धार दुपारी गेली.

मोजणी महत्त्वाची. एका बाजूला १० वेळा, मग फिरव, दुसऱ्या बाजूला १०, तिसऱ्या बाजूला १०. तोंडानं मोज, अंदाजानं नको. एका बाजूचं पोलाद जास्त गेलं तर ब्रॉडहेड तिरकं होतं, मग बाण हवेत हलतो आणि दोष आपण रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याला, देत बसतो. अशा दोन तीन फेऱ्या झाल्या की ५-५-५, मग ३-३-३, आणि प्रत्येक टप्प्याला दाब कमी करत जायचा. तोच क्रम ३०० च्या आसपासच्या डायमंड प्लेटवर, मग ६०० वर, मग १००० किंवा १२०० वर. प्रत्येक प्लेटवर शेवटी एक-एक-एक, ब्रॉडहेडच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब, किमान दहा फेऱ्या, मधे न थांबता फिरवत. तुझं सगळं दुखणं या शेवटच्या दहा फेऱ्यांमध्ये आहे. इथंच बर दोन्हीकडनं थोडी थोडी वाकून मुळातनं तुटते. तू बहुतेक एकाच बाजूला भरपूर घासून थांबत होतास, म्हणून एक पातं लागलं आणि दोन राहिली.

मग कातडं. यावर मला थोडं जास्त लिहायचंय कारण हे मी तिकडं नाही, इथं शिकलो. सुभाषनगरात आमच्या ओळखीचे एक चप्पल करणारे मामा आहेत, त्यांची रापी बघितलीस तर थक्क होशील, जाड कातडं असं कापतात जसं लोणी. ते रापी दगडावर फार वेळ घासतच नाहीत, दोन हात दगडावर आणि दहा हात कातड्याच्या तुकड्यावर. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यात कमावलेलं असतं, क्रोम रसायनाचं नसतं, त्यामुळं ते घट्ट आणि कमी दबणारं. पॉलिशची हिरवी पेस्ट त्यात छान मुरते. मी त्यांच्याकडनं तळाच्या कातड्याची एक पट्टी आणली, सपाट एमडीएफच्या फळीला चिकटवली, आणि आजतागायत तीच वापरतोय. तुला तिकडं व्हेज टॅन म्हणून मिळेल, किंवा पुढच्या सुट्टीला आलास की घेऊन जा, बॅगेत मावतं. एकच काळजी घे, कातडं पातळ आणि खाली कडक फळी पाहिजे, मऊ जाड कातड्यात ब्रॉडहेड रुततं आणि धार गोल होते. दगडावर ठेवलं तसंच सपाट ठेवायचं, फक्त मागं ओढायचं, पुढं कधीच ढकलायचं नाही, प्रत्येक बाजूला एक-एक करत वीसेक फेऱ्या. कातडं नसेल तर काचेवर पुठ्ठा ठेवून त्याला पेस्ट लाव, तेही चालतं.

तपासायला हातावरचे केस हा एकच निकष धरू नकोस. ६० अंशाची धार जाड असते, सुरीसारखी भादरणार नाही, भादरली तर उत्तमच पण नाही भादरली म्हणून ती बोथट असं नाही. मी रबरबँडनं बघतो. रिकाम्या डब्याच्या तोंडावर चार पाच रबरबँड सैलसर ताणून बसव आणि ब्रॉडहेड हळूच आत ढकल. चांगली धार असेल तर रबर टेकताच तुटतं, बोथट असेल तर आधी ताणत जातं आणि मग बाजूला सरकतं. हे बघितलंस की जनावराच्या शरीरात काय होतं ते पण कळेल, कारण रक्तवाहिनी पण रबरासारखीच लवचिक असते, बोथट पातं तिला बाजूला सारून पुढं जातं. बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही, रक्तस्रावानं मारतो, आणि वाहिनी स्वच्छ कापली गेली तरच तो झटपट होतो.

हे मी माझ्या दुसऱ्या सीझनला शिकलो. १८ यार्डांवर एक मादी, बाण चांगल्या जागी लागला असं मला आजही वाटतं, पण रक्ताचा माग ऐंशी नव्वद पावलांवर पातळ झाला आणि मग संपलाच. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन शोधली, दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दुपारपर्यंत शोधली, नाही मिळाली. घरी येऊन त्याच क्विव्हरमधलं (बाणांच्या भात्यातलं) दुसरं ब्रॉडहेड नखावर टेकवलं तर सरळ घसरलं. ऑगस्टमध्ये धार लावलेली आणि दोन महिने फोममध्ये रोज घालून काढून ती गेलेली, मी बघितलंच नव्हतं. त्या जनावराचं काय झालं असेल हे अजून मनात येतं. म्हणून सांगतो, धार लावणं ही सीझनच्या आधी एकदा करायची गोष्ट नाही, प्रत्येक वेळी जंगलात जायच्या आदल्या रात्री कातड्यावर हात मारायचाच. सरावाची ब्रॉडहेड वेगळी ठेव, तीन पुरेत, शिकारीची टार्गेटमध्ये कधी मारू नकोस. पाऊस दव लागतं म्हणून धारेला व्हॅसलीनचा पातळ हात फिरव, गंज आधी धारेलाच धरतो. आणि बसवताना काढताना पान्याशिवाय हात लावू नकोस, तळहात कापून इमर्जन्सीत गेलेला माणूस मी बघितलाय.

टोक सुईसारखं ठेवू नकोस. हाडावर लागलं की सुई वळते आणि बाण तिथंच अडतो. शेवटी तिन्ही बाजूंनी बारीक दगडावर जरा उभं धरून दोन दोन घास, मिलिमीटरभराचं छोटं तीन पैलूंचं टोक होऊ दे.

चार पात्यांचं विचारलं होतंस, त्यात बहुतेक दोन मोठी पाती आणि मधे खोचलेलं छोटं जादा पातं, म्हणजे ब्लीडर, असतं, ब्लीडर काढ, मोठी दोन सुरीसारखी लाव, ब्लीडर वेगळं घास किंवा बदल, संपलं. आणि स्पष्टच सांगायचं तर ४५ पौंडाला मी तीन पात्यांपेक्षा दोन पात्यांचं लांबट ब्रॉडहेड आणि जड बाण घेईन. तीन पाती म्हणजे कापायला तीन धारा, तेवढा जोर जास्त लागतो, आणि तुझ्या धनुष्यात कंपाउंडवाल्यासारखा (चाकं लावलेल्या धनुष्यासारखा) जोर शिल्लक नाही. बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या पौंडाला १० ग्रेन (बाणाच्या वजनाचं बारीक माप) धरलं तर ४५० ग्रेन, त्याच्या खाली जाऊ नकोस. पण घेतलीच आहेस तर धार मनापासून लाव, अंतर २० यार्डांच्या आत ठेव आणि जनावर पूर्ण बाजूनं उभं असल्याशिवाय बाण सोडू नकोस, त्यातही काम होतं.

इथली पोरं पण हे वाचतात म्हणून एक सांगून ठेवतो. हे सगळं तिकडच्या लायसन्स आणि सीझनच्या हिशोबातलं आहे. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, धनुष्य असो की बंदूक, आणि ते योग्यच आहे. राधानगरी दाजीपूरला गवा बघायला जा, धनुष्याची आवड असेल तर टार्गेटवर मारा, साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक स्पर्धेचं सोनं आणलंय, तेही १७ व्या वर्षी.

आता तू एवढं कर, मार्कर लावून कानशीवर पाच वेळा ओढ आणि तिन्ही बाजूंचे फोटो जवळनं काढून टाक, उजेड तिरका येऊ दे. रंग कुठं राहिलाय ते दिसलं की टोकाकडं घ्यायचं का मागं ते मी लगेच सांगतो.