गर्दीच्या विमानतळाचं गणित आणि तुझी पदवी

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विमानप्रवास वाढतोय, विमानतळ अपुरे पडताहेत, असं सतत वाचते. ही गर्दी सांभाळण्याचं काम आपण करावं असं मनापासून वाटतं. वैमानिक किंवा केबिन क्रू व्हायचं नाही. आईबाबांचं म्हणणं, विमानतळावरची नोकरी म्हणजे काउंटरवर उभं राहणं, त्यासाठी गणित कशाला हवं? एका संस्थेत एअरपोर्ट मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स आहे. पदवी सोडून तो करू का?

उत्तर : पदवी सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि कोर्सच्या प्रवेशाची मुदत तुझ्या डोक्यात घोळत असणार.

तुला जे काम करायचं आहे, त्याचा गाभाच मुळी तू शिकते आहेस तो विषय आहे. कसा, ते एका धावपट्टीवरून बघ.

प्रवासी विमान उतरायला येतं तेव्हा त्याचा वेग साधारण १४० नॉट, म्हणजे तासाला १४० सागरी मैल असतो. मागोमाग येणाऱ्या दोन विमानांत किमान ३ सागरी मैलांचं अंतर ठेवायचं असेल, तर दोन अवतरणांमध्ये ७७ सेकंद जातात. म्हणजे तासाला ४६ विमानं. आता समोरून ३० नॉटचा वारा सुटला असं धर. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग ११० वर येतो. अंतर तेच, पण ते कापायला ९८ सेकंद लागतात. तासाला ४६ ऐवजी ३६ विमानं. धावपट्टी तीच, माणसं तीच, आणि तासाला दहा विमानांची जागा वाऱ्याने खाल्ली.

लंडनच्या हीथ्रोवर २०१५ साली यावर उपाय झाला. विमानामागे हवेत भोवरे उठतात आणि ते मागच्या विमानाला धोकादायक असतात, म्हणून अंतर ठेवावं लागतं. पण जोराच्या समोरच्या वाऱ्यात हे भोवरे लवकर विरतात. मग अंतर मैलांत मोजण्याऐवजी वेळेत का मोजू नये? लेझरच्या यंत्रांनी असंख्य विमानांमागचे भोवरे मोजले गेले, ते किती वेळात विरतात याचं वितरण तपासलं गेलं, आणि त्या आधारावर वेळेनुसार अंतर ठेवण्याची पद्धत आली. नवी धावपट्टी न बांधता वादळी दिवसांतली बरीचशी गमावलेली क्षमता परत मिळाली. यामागे संभाव्यताशास्त्र होतं. आईबाबांना हा परिच्छेद जरूर वाचायला दे.

माझं वरचं गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात जड विमानामागे मध्यम विमान असेल तर ५ सागरी मैल, हलकं असेल तर ६ सागरी मैल सोडावे लागतात, ही जुनी आंतरराष्ट्रीय वर्गवारी. त्यामुळे विमानं कोणत्या क्रमाने उतरवायची यावरही तासाचा आकडा बदलतो. जड-हलकं-जड-हलकं असा क्रम लागला तर वेळ फुकट जातो. सारखी विमानं एकामागे एक आणली तर वाचतो. पण मग एखाद्याला हवेत थांबावं लागतं, आणि त्याचं इंधन जळत असतं. कोणाचा किती उशीर न्याय्य, हाही प्रश्न त्या क्रमात असतोच.

हे नीट जमलं तर काय होतं, तेही बघ. लंडनचाच गॅटविक विमानतळ एकाच धावपट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला ५५ उड्डाणं-अवतरणं हाताळतो. २०१९ मध्ये तिथून साडेचार कोटींहून अधिक प्रवासी गेले-आले. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही २०१८ मध्ये तिथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली.

आता तुझ्या अभ्यासक्रमातला रांगांचा सिद्धान्त घे. टेलिफोनच्या जाळ्यासाठी एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये ज्याची सुरुवात केली, तोच. सगळ्यात साध्या प्रतिमानात व्यवस्था ८० टक्के भरलेली असेल तर तिच्यात सरासरी ४ जण अडकलेले असतात. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९. धावपट्टीवर विमानं इतकी यदृच्छेने येत नाहीत, त्यामुळे आकडे वेगळे निघतात, पण वक्राचा आकार हाच. ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताना, त्या पाच टक्क्यांतच, उशीर दुप्पट होतो. म्हणूनच विमानतळ जाहीर करतात ती क्षमता जास्तीत जास्त शक्य आकड्यापेक्षा कमी ठेवतात. ‘जागा दिसते आहे, मग आणखी दोन विमानं घ्या की’ असं बैठकीत म्हणणारे खूप असतात. त्यांना हा वक्र समजावून सांगू शकणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तू त्यांतली एक होऊ शकतेस.

धावपट्टीबद्दल मी एवढं लिहिलं, पण अडचण तिथेच असते असं समजू नकोस. मला तुला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे की विमानतळाची क्षमता ही त्या क्षणी जी जागा सर्वांत अरुंद असेल तिच्याएवढीच असते, आणि ही अरुंद जागा सतत हलत असते.

२०२२ चा उन्हाळा आठव. हीथ्रोने रोज निघणाऱ्या प्रवाशांवर एक लाखाची मर्यादा घातली. धावपट्ट्या शाबूत होत्या, टर्मिनल उभी होती. कमी पडली ती माणसं, विशेषतः विमानं हाताळणाऱ्या ग्राउंड हँडलिंग कंपन्यांची. २०१९ मध्ये जगभरात साधारण ४५० कोटी विमानप्रवास झाले होते, २०२० मध्ये ते निम्म्याहूनही खाली गेले आणि अनुभवी माणसं नोकऱ्या सोडून गेली. प्रवासी परतले तेव्हा ती माणसं परतली नाहीत. नव्या माणसाची पार्श्वभूमी तपासून, त्याला शिकवून, विमानाजवळ उभं करायला महिने लागतात. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या स्खिपोलवर सुरक्षा तपासणीच्या रांगा टर्मिनलच्या बाहेरपर्यंत गेल्या आणि तिथेही प्रवाशांवर मर्यादा आली. मार्च २०२५ मध्ये तर एका वीज उपकेंद्राला आग लागली आणि हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद राहिला. १९९५ मध्ये उघडलेला डेन्व्हरचा विमानतळ मुख्यतः सामानाच्या स्वयंचलित यंत्रणेपायी सोळा महिने रखडला होता. रोस्टर, वीज, बॅगेज, यांतलं काहीही अरुंद जागा बनू शकतं.

आणि एक गाठ सोडवली की दुसरीकडे बसते. पूर्वी विमानं तयार झाली की निघायची आणि धावपट्टीपाशी इंजिनं चालू ठेवून रांगेत उभी राहायची. मग विमानतळ, एअरलाइन, हँडलिंगवाले आणि हवाई वाहतूक नियंत्रण या सगळ्यांनी एकमेकांना खऱ्या वेळा कळवायच्या, अशी पद्धत आली. युरोपात म्यूनिकने ती २००७ मध्ये पहिल्यांदा पूर्णपणे लागू केली. दारं बंद होऊन विमान नक्की कधी तयार होणार हे आधीच कळलं, तर ते गेटवरच इंजिन बंद ठेवून थांबू शकतं. इंधन वाचतं, टॅक्सीवेवरची, म्हणजे गेट ते धावपट्टी या रस्त्यावरची, गर्दी कमी होते. पण तेवढा वेळ गेट अडतं, आणि त्याच गेटवर यायचं विमान उतरून बाहेर ताटकळतं. मग गेटचं वाटप नव्याने करायचं, बस मागवायच्या, प्रवाशांना आणि सामानाच्या गाड्यांना दुसरीकडे वळवायचं. ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये बसणाऱ्यांचा दिवस यातच जातो.

या कामात चुकीची किंमत काय असू शकते, हेही तुला ठाऊक असावं. २७ मार्च १९७७. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमानं टेनेरिफच्या छोट्या विमानतळाकडे वळवली गेली. पार्किंगची जागा संपली, विमानं टॅक्सीवेवर उभी करावी लागली. तो रस्ताच बंद झाल्यामुळे निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलटं चालत जावं लागलं. त्यात धुकं उतरलं. एक जंबो जेट धावपट्टीवर असताना दुसऱ्याने परवानगीविना उड्डाणाला सुरुवात केली. ५८३ माणसं गेली. अपघाताची कारणं अनेक होती, पण दोन्ही विमानं एकाच पट्टीवर आली ती एप्रन, म्हणजे विमानं उभी करण्याची जागा, भरल्यामुळे. क्षमतेचं काम करणाऱ्याने ‘आता बस, आणखी नको’ म्हणायलाही शिकावं लागतं, आणि ते म्हणताना मागे आकडे असावे लागतात.

आता शिरायचं कुठून? हवाई वाहतूक नियंत्रक हे सगळ्यांना माहीत असलेलं दार. इकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार परवान्यासाठी वय किमान २१, तिसऱ्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि किमान चौथ्या पातळीचं इंग्रजी लागतं. बाकीच्या अटी त्या त्या देशाच्या. प्रशिक्षण कडक असतं, आणि पुढे प्रत्येक नव्या ठिकाणी तिथल्या कामासाठी पुन्हा पात्र व्हावं लागतं. नजर, कान, शांत डोकं आणि डोळ्यांपुढे नकाशा फिरवता येण्याची क्षमता हवी. गणिताची आवड आहे म्हणून हे जमेलच असं नाही, आणि नाही जमलं तर तुझ्यात कमी आहे असंही नाही.

तुझ्या पत्रावरून मला तुझ्यासाठी दुसरी दोन दारं अधिक योग्य वाटतात. एक, स्लॉट समन्वय. स्लॉट म्हणजे विमानाला उतरण्या-निघण्यासाठी ठरवून दिलेली वेळ. जगातल्या दोनशेहून अधिक विमानतळांवर मागणी इतकी आहे की वेळ आधी मिळवल्याशिवाय एअरलाइनला तिथे येताच येत नाही. हंगाम दोन, एक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि दुसरा ऑक्टोबरच्या. मिळालेल्या वेळांच्या मालिकेपैकी ८० टक्के तरी वापरल्या तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्यांवर हक्क राहतो. हा नियम योग्य की अयोग्य, नव्या कंपनीला जागा कशी द्यायची, कोणत्या तासाला किती विमानं जाहीर करायची, हे सगळं आकडेवारीवर चालतं. दोन, क्षमता नियोजन आणि सिम्युलेशन. पाच वर्षांनी सकाळी सातला सुरक्षा तपासणीच्या किती रांगा लागतील, किती गेट लागतील, एक टॅक्सीवे दुरुस्तीला बंद ठेवला तर काय होईल, हे आधीच तपासून बघणारे लोक. विमानतळ कंपन्या, एअरलाइन्स, सल्लागार कंपन्या, सगळीकडे हे काम आहे.

पण यांपैकी कुठेही जाण्याआधी वर्षभर तरी जमिनीवरचं काम कर. ग्राउंड हँडलिंग, टर्मिनल ड्युटी, शिफ्टमध्ये जे मिळेल ते. पहाटे पाचला बॅगेचा पट्टा अडकल्यावर काय होतं, विमान गेटवरून मागे ढकलणारा पुशबॅकचा ट्रॅक्टर उशिरा आला की वेळापत्रक कसं घसरत जातं, हे संगणकावर बसून कळत नाही. आईबाबांना ज्या काउंटरची भीती वाटते, तिथे काढलेले सहा महिने नियोजन करणाऱ्याला आयुष्यभर पुरतात. तिथेच अडकून पडायचं नसेल तर हातात पदवी हवी.

आईबाबांना एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगेन. या क्षेत्रात रात्रपाळ्या आहेत, सणावाराला काम आहे, आणि २०२० सारखा धक्का बसला तर नोकऱ्या जातात. संख्याशास्त्राच्या पदवीचा फायदा असा, की तसं वर्ष आलंच तर बँक, रुग्णालय, मालवाहतूक, कुठेही तुझं कौशल्य चालेल. एक वर्षाच्या कोर्सचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

त्या कोर्सबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. संस्थेला विचार : धावपट्टीची क्षमता कशी काढतात हे शिकवता का? स्लॉटचे नियम? सुरक्षा व्यवस्थापन? शिकवणाऱ्यांनी प्रत्यक्ष ऑपरेशन्समध्ये काम केलंय का? उत्तरात फक्त पेहराव, संभाषणकला आणि नोकरीची हमी एवढंच आलं, तर उठून ये. नोकरीत काही वर्षं झाली की इकाओ आणि विमानतळांची जागतिक संघटना मिळून चालवतात तो व्यवस्थापकांचा अभ्यासक्रम आहेच. तो तेव्हा कर.

आत्ता करायचं ते असं. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन्स रिसर्च आणि यदृच्छ प्रक्रिया हे विषय मिळत असतील तर तेच निवड. पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा सुटीत शिक. आणि कोणताही एक गर्दीचा विमानतळ निवडून त्याच्या संकेतस्थळावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वेळा तीन वेगवेगळ्या दिवशी उतरवून घे, त्यांतला एक दिवस खराब हवेचा. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ, दोन्ही. पंधरा-पंधरा मिनिटांचे गट पाड. उशीर कोणत्या तासाला सुरू होतो, किती वेळाने निवळतो, उशिरा आलेलं विमान पुढे किती उशिरा निघतं, ते बघ. त्यावरून त्या दिवशी अरुंद जागा कुठे होती याचा तुझा अंदाज आणि त्याचा पुरावा दोन पानांत लिही. कारण नक्की सांगता येणार नाही, तर कोणती माहिती मिळाली असती म्हणजे सांगता आलं असतं, तेही लिही. ती दोन पानं मला पाठव. दोन दारांपैकी आधी कोणतं ठोठवायचं, ते ती वाचून ठरवू.