कॉलेजच्या जिमला कुलूप असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात जिम आहे, पण बहुतेक वेळा कुलूपच दिसतं. उघडते ती दुपारी, आणि तेव्हा तुमचं प्रॅक्टिकल असतं. बाहेरची जिम महिन्याला हजाराच्या वर मागते. रवीनगरला रूम करून राहणारी मुलगी एवढे पैसे कुठून आणणार? म्हणून तुम्ही नव्या मशिन्ससाठी सह्यांची मोहीम काढायच्या विचारात आहात.

नका काढू. मशिन्स मागू नका, वेळ मागा. नोकरीची सगळी वर्षं मी नागपुरातच कॉलेजचा शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे क्रीडा संचालक होतो, त्यामुळे कुलपाच्या आतल्या बाजूने हे प्रकरण पाहिलेलं आहे. मशिन्सची मागणी प्रशासनाला मनापासून आवडते. फाईल तयार होते, कोटेशन मागवतात, फीत कापतात, फोटो काढतात, आणि तुम्ही पास होऊन निघून जाता. कुलूप तिथंच.

कुलूप का असतं ते आधी समजून घे. आळस हे एक कारण आहेच, पण मोठं कारण म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची ती नोंदवही. त्यात ‘डंबेल 5 किलो, नग 6’ असं लिहिलेलं असतं आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष पडताळणी होते. एक नग कमी भरला की खुलासा क्रीडा संचालकाने द्यायचा. जिम वर्षभर बंद राहिली म्हणून कोणी खुलासा मागितल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही. मग शहाणा माणूस काय करेल? किल्ली खिशात ठेवेल. त्यात शिपाई साडेपाचला सायकलला टांग मारतो आणि तुम्ही पोट्टे मोकळे होता त्यानंतर. म्हणजे जिम उघडी असते तेव्हा तुम्ही वर्गात, आणि तुम्ही मोकळे तेव्हा जिम बंद.

आता मशिन्सचं. अनुदान आलं की 16 स्टेशनची मल्टी जिम आणि दोन ट्रेडमिल घेतात, कारण ते भरभक्कम दिसतं. खरेदीला पैसे मिळतात, दुरुस्तीच्या खर्चाला अंदाजपत्रकात जागाच नसते. ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली ठरावीक काळाने सिलिकॉन तेल द्यावं लागतं. ते कोणी देत नाही, पट्टा घासत राहतो, मोटरवर ताण येतो आणि एक दिवस ती बसते. मल्टी जिमची तार आधी पुलीजवळ उसवते. एकेक धागा बाहेर येतो, कोणाच्या तरी तळहाताला लागतो, मग त्या स्टेशनला सुतळी बांधून ‘बंद आहे’ असा कागद चिकटवतात. तो कागद पिवळा पडेपर्यंत तसाच. म्हणून मी म्हणतो, विजेवर आणि तारेवर चालणारं काही मागूच नका. डंबेल, वजनाच्या प्लेटा, दोन बार, उड्या मारायच्या दोऱ्या, चटया. यातलं काही बिघडत नाही. बाहेर झाडाखाली पुल-अपचे दांडे लावून घ्या: एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, जाड पत्र्याचा. बाहेरून तो साधारण 33 मिमी भरतो, मुठीत नीट बसतो. एक दांडा उंच आणि एक बुटका, म्हणजे कमी उंचीच्या मुलींनाही स्टूल शोधावं लागत नाही. वेल्डिंगवाला एका दिवसात उभे करून देतो. फक्त सावली बघून जागा ठरवा. 23 मे 2013 ला या शहरात पारा 47.9 वर गेला होता. उन्हातला लोखंडी दांडा दुपारी कसा तापतो हे तुला सांगायला नको.

उन्हावरून आठवलं. आपल्याकडे जिमच्या वेळा ठरवणारा माणूस नागपूरचा उन्हाळा विसरूनच वेळा ठरवतो. ‘मुलींसाठी 12 ते 1’ हे मी किती ठिकाणी पाहिलंय! पत्र्याच्या शेडमध्ये, बिना कूलर. मग मुली येत नाहीत, आणि पुढच्या बैठकीत ‘मुलींचा प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. काय बोलावं बाप्पा! मुलींना सकाळची किंवा संध्याकाळची वेळच मिळाली पाहिजे. माझ्या मते आठवड्यातून दोन-तीन दिवस राखीव वेळ असावी, बाकी दिवशी सगळ्यांची एकत्र. नुसती राखीव वेळ ठेवली की मुली कायमच्या कोपऱ्यात जातात, आणि नुसती एकत्र ठेवली तर पहिल्यांदा येणारी दारातूनच परत फिरते. शिवाय कडी लागणारी कपडे बदलायची खोली, जिमपासून गेटपर्यंत दिवा, आणि वसतिगृहाच्या मुलींसाठी त्या वेळेची गेटवर नोंद. या तीन गोष्टी नसतील तर संध्याकाळची वेळ कागदावरच राहते. जिम वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्याची मागणीही अर्जात घाला, दिव्यांग मुलांचा विचार कोणीच करत नाही.

अर्ज कसा करायचा ते नीट ऐक, कारण तिथंच बहुतेकांचं फसतं. ‘जिमची सुविधा सुधारावी’ असं लिहिलं की ‘विचाराधीन’ असं उत्तर येतं. एकच मागणी लिहा: जिम सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 6 ते 8 उघडी राहावी. लगेच खाली, किल्लीची जबाबदारी कोण घेणार तेही लिहा. ज्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना, म्हणजे विद्यार्थ्यांना कॉलेजातच काम देऊन मानधन देणारी योजना चालते तिथे दोन विद्यार्थी या कामावर लावता येतात: येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, वहीत सही घ्यायची, बंद करताना नग मोजायचे. एक मुलगी आणि एक मुलगा असावा. पडताळणीची भीती अशी उतरली की क्रीडा संचालक तुमच्याच बाजूने बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे. अर्जासोबत दोन आठवड्यांची साधी नोंद जोडा, कोणत्या तारखेला किती वाजता गेलो आणि कुलूप होतं की नाही. चिडून लिहू नका. तारखा पुरेशा बोलतात.

आणखी दोन कागद हाताशी ठेवा. पहिला, कॉलेजने नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल. तो कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. त्यातल्या चौथ्या निकषात, म्हणजे पायाभूत सुविधांत, खेळ, व्यायामशाळा, योग यांबद्दल कॉलेजने स्वतः काय काय लिहिलंय ते वाच. बरेचदा तिथे अशी सुंदर जिम भेटते की आपल्याच कॉलेजात प्रवेश घ्यावासा वाटतो. त्या पानाची प्रत अर्जाला जोडली की बोलणी बदलतात. दुसरा, नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यातले सहअभ्यासक्रम. त्यात योग, आरोग्य, क्रीडा आणि फिटनेस यांनाही श्रेयांक आहेत. ज्या गोष्टीचे गुण मिळतात तिची खोली बंद ठेवणं प्राचार्यांनाही अवघड जातं.

अर्ज नुसता प्राचार्यांच्या टेबलावर टाकून येऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात. विषय त्यांच्यामार्फत बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणा. इतिवृत्तात आलं की ते कोणाला विसरता येत नाही. परिषदच झाली नसेल तर आयक्यूएसीवरच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावरच्या विद्यार्थी प्रतिनिधीला गाठा.

हे सगळं होईस्तोवर काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पहिल्या भागाला तुला जिम लागतच नाही. रवीनगरहून फुटाळा तलाव जवळ आहे, अंबाझरीही लांब नाही, आणि सेमिनरी हिल्सचा चढ पायांना पुरे. भरभर चाल, एप्रिल ते जून पहाटे साडेपाचलाच निघ. उद्यानांतली ग्रीन जिम, म्हणजे उघड्यावर बसवलेली व्यायामाची साधनं, फुकट आहे, अंग मोकळं करायला ठीक. पण त्यात वजन वाढवता येत नाही, त्यामुळे ताकदीसाठी तिच्यावर विसंबू नकोस. त्यापेक्षा जोर, बैठका आणि पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन पायऱ्या. महाल-इतवारीकडच्या जुन्या व्यायामशाळांत फी आजही नाममात्र असते. मुलींना प्रवेश आहे का आणि कोणत्या वेळी, ते आधी जाऊन विचारून घे. खासगी जिम घ्यायचीच असेल तर एका महिन्याचेच पैसे भर, वर्षाचं पॅकेज नको. तिथे पहिल्याच दिवशी प्रोटीनचा डबा पुढे करतील. भिजवलेले चणे आणि अंडी खा, डबा त्यांनाच राहू दे.

अर्जाला महिनाभर उत्तर आलं नाही आणि कॉलेज अनुदानित असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘जिम का बंद असते?’ असं त्यात विचारू नका, कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. कागद मागा: गेल्या तीन वर्षांत क्रीडा शुल्क किती जमा झालं आणि कशावर खर्च झालं याच्या नोंदी, जिमच्या वेळापत्रकाचा आदेश, आणि जिमच्या साहित्यापुरती डेड स्टॉक रजिस्टरची छायाप्रत. अर्ज एकाच्याच नावाने जातो, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या कोणाच्या नावाने टाका. इंटर्नलचे गुण अजून हातात यायचे असतील तर तुझ्या नावाने नको.